एका सेकंदात स्थळ

विठ्ठल घाडी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पायथन शिकले, ते मुलीच्या लग्नासाठी. पायथन ही कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. बाकीचे लोक ती नोकरीसाठी शिकतात. जावई शोधायला शिकलेला माणूस मी तरी एकच पाहिला.

आमच्या तालुक्याच्या मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या खोलीत दर रविवारी दहा ते एक चालतं. मी तिथे फोन करायला बसते. टेलिफोन खात्यात माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून मंडळाने परस्पर ठरवून टाकलं की फोन चित्राताईच करणार. शेजारच्या टेबलावर घाडीकाका. ते एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. तेहतीस वर्षांत एक ड्रम इकडचा तिकडे झाला नाही, हे ते सांगतात, आणि न विचारता सांगतात. केंद्र त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी काढलं. त्यातली पहिली नोंद त्यांच्या संचिताची. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, आता सदतीस.

आमच्याकडे दोन हजार तीनशे स्थळं आहेत. प्रत्येकाची कॉम्प्युटरवर एक फाइल: जन्मसाल, शिक्षण, नोकरी, घर आणि शेवटी अपेक्षा. अपेक्षा मुलांच्या आया सांगतात आणि आम्ही तशाच टाइप करतो. मुलगी शिकलेली हवी, नोकरी करणारी हवी, सकाळचा डबा करणारी हवी आणि शांत हवी. हे सगळं केल्यावर शांत कशी राहील, हे मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर मला फक्त फोनच करायला सांगितलं गेलं.

आधी हे सगळं काका रजिस्टर चाळून शोधायचे. मग ठाण्याला सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या संचितानेच त्यांना पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. तो प्रत्येक शोधाला सगळ्या फाइली एकेक करून उघडायचा, वाचायचा, बंद करायचा. मंडळाच्या जुनाट कॉम्प्युटरवर त्याला दीड मिनिट लागे. काकांनी घड्याळ लावून मोजलं होतं.

“बाबा, प्रत्येक वेळी अख्खं कपाट कशाला खाली काढता?” संचिता म्हणाली. “सकाळी एकदाच सगळं वाचून घ्या. जन्मसालाप्रमाणे कप्पे करून ठेवा. मग लागेल तोच कप्पा उघडायचा ना.”

“अगं, मग हे आपलं स्टोअरच झालं की!”

त्या दिवशी माणूस सुटला. संध्याकाळी क्लास, सकाळी सराव. तीन महिन्यांत शोध एका सेकंदाच्या आत आला. काकांनी मंडळात पेढे वाटले.

पण गिऱ्हाइकांना हा वेग मानवला नाही. जाईबाई म्हणून एक बाई शीळफाट्याहून दोन रिक्षा बदलून मुलासाठी स्थळ बघायला आल्या. त्या खुर्चीत टेकायच्या आत काका म्हणाले, “एकही नाही.” जाईबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “भाऊ, नीट बघितलंत का? माझा एकुलता एक आहे हो.” काकांनी पुन्हा बघितलं. पुन्हा एक सेकंद, पुन्हा एकही नाही. बाईंना वाटलं, यांना आपल्या मुलाचं काही पडलेलं नाही. तशी तक्रार अध्यक्षांकडे गेली.

पुढच्या रविवारी काकांनी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: दोन मिनिटं थांब. तेवढा वेळ पडद्यावर ‘शोध चालू आहे’ असं दिसे, माणसं चहा घेत, आणि मग तेच उत्तर येई. “तुम्ही तरी किती करणार,” असं म्हणून लोक समाधानाने घरी जाऊ लागले. काकांच्या मनाला ही ओळ फार लागली. वेगासाठी तीन महिने घासलेला माणूस, आणि त्याच्याच प्रोग्रामच्या पोटात ही दोन मिनिटं.

संचितासाठी मात्र थांबायचं नव्हतं. दर रविवारी पावणेदहाला, दार उघडायच्या आधी, पहिला शोध तिचा. उत्तर शून्य. काका “असो” म्हणत आणि पंखा लावत. संचिता किती वर्षं सांगत होती, माझी फाइल काढून टाका, मी मजेत आहे. त्यावर त्यांचं एकच उत्तर, “राहू दे. फाइल काय खायला मागते का?” माझ्याजवळ मात्र एकदा म्हणाले होते, “चित्राताई, पोरीचं वय वाढलं. आता लोक नको म्हणतात.” 

या फेब्रुवारीत त्यांनी कुठेतरी वाचलं की शोध आणखी हलका करायचा तर जी अट सगळ्यात जास्त नावं गाळते, ती आधी तपासावी. म्हणजे पुढच्या अटी तपासायचं काम वाचतं. कुठली अट किती गाळते, हे कळायला काकांनी प्रत्येक अटीला मोजणी लावली. नवं काही केलं की ते आधी संचिताच्या फाइलवर करून बघत. पडद्यावर आकडे आले, ते त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले.

तिच्या वयाला जुळणाऱ्या कप्प्यांत मुलगे दोनशे बारा. पदवीधर नाहीत म्हणून गेले चौऱ्याऐंशी. स्वतःचं घर नाही म्हणून एकसष्ट. ठाणे ते डोंबिवलीच्या बाहेर राहतात म्हणून तीस. उंची पाच फूट सात इंच भरत नाही म्हणून बावीस. दुसरं लग्न म्हणून पंधरा. उरले शून्य.

“आणि मुलांच्या अपेक्षांत बसली नाही म्हणून किती?” मी विचारलं.

“ते वाचायची वेळच आली नाही,” काका म्हणाले. मग आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. आणि म्हणाले, “म्हणजे हिला कोणी नाही म्हटलेलंच नाही. दोनशे बारातल्या एकानेही नाही.”

दोन्ही बाजूंच्या अपेक्षा जुळल्याशिवाय नाव दाखवायचं नाही, हा नियम काकांचाच. संचिताच्या फाइलमधल्या पाचही अपेक्षा काकांच्याच. फॉर्म भरला तेव्हा ती ऑफिसला गेली होती. पाच फूट सात इंच ही काकांची स्वतःची उंची आहे.

एक वाजता संचिता स्कूटर घेऊन त्यांना न्यायला आली. काकांनी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं, आया बसतात त्याच.

“तुझ्या अपेक्षा सांग.”

“आता?”

“हो. टाइप करतो.”

तिला आधी थट्टा वाटली. वडिलांचा चेहरा पाहून ती सरळ बसली. “तेव्हा एकच होती, बाबा. कल्याणचा सिद्धेश. तुमच्याच फाइलींत होता. मी तुम्हाला बोललेले, दोनदा.”

कोण सिद्धेश, हे काकांना विचारावं लागलं नाही. हळूच म्हणाले, “पदवीधर नव्हता तो.”

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्याकडे बघून लगेच वाईटही वाटलं. जुन्या नोंदी तपासताना सिद्धेशला मीच दोन वर्षांपूर्वी फोन केला होता. लग्न झालं, मुलगी बालवाडीत आहे, नाव काढा, म्हणाला होता. हे मी तिथे बोलले नाही.

“माझं चुकलं गं,” काका म्हणाले. त्यांनी तिच्या पाचही अपेक्षा पुसल्या आणि काहीच न लिहिता शोध चालवला.

मुलांच्या अपेक्षांत संचिता बसत होती अशी एक्केचाळीस नावं पडद्यावर आली. संचिताने खुर्ची पुढे ओढली आणि एकेक नाव वाचायला घेतलं: गाव, नोकरी, आईने सांगितलेल्या अपेक्षा. शेवटच्या नावापर्यंत गेली. मग म्हणाली, “एवढे होते?”

 काका टेबलावरचे कागद गोळा करत राहिले, आणि ते कागद आधीच गोळा केलेले होते.

 संचिताने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला, आपली फाइल स्वतःच्या हाताने काढून टाकली आणि वडिलांच्या दंडाला धरून म्हणाली, “चला बाबा, जेवायचं थांबलंय.”