हात वाकतो, पण फिरत नाही

माझ्या उजव्या हाताच्या बाबतीत मला एका हाडवैद्याने फसवलं. हे सांगितलं की लोक लगेच जोड देतात, की मी स्वतःच त्याच्याकडे गेलो होतो. गेलो होतो. बाजारात गिऱ्हाईकही आपल्या पायानेच येतं, म्हणून काय त्याच्या गळ्यात आंधळा बैल बांधायचा?

मी बैलांचा दलाल. सुरुवात दुसऱ्याच्या बैलांचे कासरे धरून उन्हात उभं राहण्यापासून झाली. पुढे जे मिळवलं ते जिभेवर आणि हातावर. जीभ भांडायला, हात सौद्याला. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. किती बोटं धरली त्यावरून आकडा कळतो, भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. सौदा पटला की मी दुपट्ट्याखालीच पंजा उताणा करतो. ही माझी खूण, सगळ्या बाजाराला ठाऊक असलेली. पण आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. समोरचा तोंडाने नाही म्हणत असतो आणि त्याचं बोट मात्र क्षणभर अडखळतं. त्या अडखळण्यावर मी घर बांधलं आहे.

गेल्या वर्षी पेरण्या आटोपल्यावर रिसोडच्या बाजारात पिकअपमधून एक तापट गोऱ्हा उतरवत होतो. कासरा माझ्या उजव्या मुठीत, पंजा वर, कोपर दुमडलेलं. गोऱ्ह्याने फळीवरून एकदम उडी घेतली. मी कासरा सोडला नाही. मी सहसा काहीच सोडत नाही. हात हिसक्याने सरळ झाला आणि आत ओली दोरी तुटावी तसा आवाज आला. गोऱ्हा दोन पावलांवर जाऊन शांत उभा राहिला. माझ्या दंडाची बेटकुळी मात्र खांद्याच्या बाजूला वर चढून बसली, आणि संध्याकाळपर्यंत कोपराच्या खळगीपासून मनगटाकडे निळं-काळं उतरलं.

हाडवैद्य माझ्या जुन्या ओळखीचा. त्याने माझ्या बायकोचं मनगट बसवलं होतं आणि माझ्या दोन-तीन बैलांचे पायही. मी त्याला मामा म्हणायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"हात वाकव," तो म्हणाला.

मी वाकवला. दुखलं, पण वाकला.

"वाकला ना? मंग काय तुटलं बे? तुटलेला हात वाकते का कधी?"

"पण मामा, हा गोळा वर काहून चढला?"

"सूज हाय. उतरते."

मग त्याने माझं कोपर काटकोनात धरलं, पंजा वर केला आणि कोपराच्या खळगीत आपलं बोट आडवं घातलं, कासऱ्याखाली बोट घालून ताण बघतात तसं. ते बोट आत गेलं आणि थांबलं. पुन्हा थोडं सरकलं, पुन्हा थांबलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तेलाच्या वाटीकडे पाहत होता.

"लचक हाय," तो म्हणाला. "एकवीस दिवस चोळा लागते."

"पंधरा."

"हा काय बैल हाय का तुया? अठरा. त्याच्या खाली नाही."

अठरावर सौदा ठरला. मी जिंकल्यासारखा घरी आलो.

माझा विश्वास का बसला, याचं कारण साधं आहे. बैलाच्या पायाची परीक्षा मीही तशीच घेतो. चालवून पाहतो. चालला तर पाय शाबूत. ही परीक्षा चुकीची असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही. त्याने तीच परीक्षा माझ्या हाताची घेतली आणि मी मान डोलावली.

अठरा दिवस झाले, मग त्याने आणखी आठवडा मागितला, मग आणखी एक. सूज उतरली. गोळा उतरला नाही. भाकरीचा घास तोंडापर्यंत जात होता, बादली उचलली जात होती, म्हणून मी बाजाराला लागलो. पाचव्या आठवड्यात कारंज्याकडच्या एका व्यापाऱ्याबरोबर दुपट्ट्याखाली हात होता. कित्येक वर्षांचा माणूस. भाव माझ्या मनासारखा आला. मी पंजा उताणा करायला गेलो आणि तो अर्ध्यात अडकला. जोर लावला तर नुसता खांदा वाकडा झाला.

"क्या भाऊ," तो हसला, "आधाच सौदा करून राह्यले का?"

"पुरा हाय."

"हात तर नाही म्हणून राह्यला."

भोवतीचे हसले. मी त्याला शिवी दिली, बैल परत दावणीला बांधला आणि थेट वाशिमला डॉक्टरकडे गेलो. बैलाची बोलणी तशीच राहिली.

डॉक्टर बाई तरुण होती. तिनेही कोपर काटकोनात धरून खळगीत बोट आडवं घातलं. आधी माझ्या डाव्या हाताला. तिथे तिचं बोट एका ताणलेल्या दोरीखाली अडकलं, मलाही ते जाणवलं. मग उजव्या हाताला. तिथे अडकायला काहीच नव्हतं.

भिंतीवर कातडी सोललेल्या हाताचं चित्र होतं. तिने त्यावर पेन टेकवत सांगितलं. बेटकुळी म्हणजे वरचा स्नायू. तिच्याखाली, हाडाला चिकटून, आणखी एक रुंद स्नायू असतो. कोपर वाकवण्याचं मोठं काम तो करतो आणि त्याचं खालचं टोक करंगळीकडच्या हाडाला लागलेलं असतं. ते हाड फिरत नाही. बेटकुळीची दोरी लागते अंगठ्याकडच्या हाडाला, आणि तेच हाड फिरतं. म्हणून पंजा उताणा करायची खरी ताकद बेटकुळीची. पिळायचं, स्क्रू आवळायचा, कुलूप उघडायचं, सगळं तिच्यावर. मूठ आवळणारे स्नायू कोपराखाली निराळेच आहेत, त्यांना काही झालेलं नव्हतं. कोपराखाली पंजा फिरवणारा एक लहान स्नायू आहे, त्याच्यावर माझा पंजा अर्धा फिरत होता.

"म्हणजे हात वाकला म्हणून दोरी शाबूत, असं होत नाही?"

"नाही. खालच्या स्नायूने वाकला तो."

"मग आता बांधा परत."

"दोन-तीन आठवड्यांत आला असतात तर ओढून बांधली असती. आता ती वर आकसून चिकटली आहे. दुसरीकडून तुकडा घेऊन जोडावी लागेल, आणि पूर्वीची ताकद येईल असं मी सांगू शकत नाही."

"पाचच तर आठवडे झाले. त्यातला एक सोडा. चार धरा."

"काका, इथे घासाघीस नाही चालत."

मी चित्रातला हात पाहत बसलो. सोललेला, लाल, पंजा पूर्ण उताणा.

परतताना मी हाडवैद्याकडे उतरलो. ओट्यावर दोघं-तिघं बसले होते. मी त्याच्या शेजारी बसलो आणि खांद्यावरचा दुपट्टा आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

"हे काय बे? मले बैल इकतं का?"

"बोट घाल मामा. त्या दिवशी घातलं होतं तिथंच."

तो हसला, पण बोट घातलं. कोपराची खळगी त्याला शोधावी लागली नाही. बोट आत गेलं आणि थांबलं, त्याच जागी, तितकाच वेळ.

"मले तं काही लागत नाही," तो म्हणाला.

"तेच तं. काही लागत नाही. त्या दिवशीही लागलं नव्हतं."

त्याने हात ओढून घेतला. ओट्यावरचे उठून गेले. तो म्हणाला, हात वाकते ना तुया, मंग कायले तमाशा करतं. मी ओरडलो, खूप ओरडलो, काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो आत गेला आणि दार लावलं.

आता मी डाव्या हाताने सौदे करतो. लोकांना त्याची सवय होत आहे. ज्याला कळलंच नाही त्याला मी माफ केलं असतं. पण पंधरा आणि अठरावर माझ्याशी भांडण्याआधी त्याला कळलं होतं. माणसाचं बोट वाचण्यात मी चुकत नाही, आणि त्या सकाळीही ते मी वाचलं होतं. मी का गप्प बसलो ते माझं मी पाहीन. त्याने मला सांगावं: मामा, तुझं बोट थांबलं होतं, मग तू लचक काहून म्हणालास? चार लोकांसमोर, त्याच ओट्यावर बसून सांग.