एकट्याचा बँड घेऊन निमगाव केतकीला

ऋतुजाचा फोन आला तेव्हा मी अंगणात हलगी उन्हाला लावून बसलो होतो. थंडीत तिचं कातडं सैल पडतं, तापवल्याशिवाय बोलत नाही.

"शुक्रवारी आमच्या पॅकहाऊसचं उद्घाटन आहे," ती म्हणाली. "तात्यांना मी तुझं नाव सांगितलंय. एकटाच येतो पण अख्ख्या बँडसारखा वाजवतो, असं सांगितलंय. आता तू बघ."

मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "आणि रविवारी मला बघायला पाहुणे येणारेत."

जायचं ठरलं ते असं.

ऋतुजा माझ्या कॉलेजातली. मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं, तिनं पुरं केलं, आणि आता निमगाव केतकीत वडिलांच्या डाळिंबाच्या धंद्याचं सगळं ऑफिस तीच सांभाळते. तात्या म्हणजे तिचे वडील, आणि पॅकहाऊस म्हणजे फळं निवडून खोक्यांत भरायची त्यांची नवी शेड. आमचं जमलंय हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. माझा बेत सरळ होता: शुक्रवारी असं वाजवायचं की तात्या खूश झाले पाहिजेत, आणि ते खूश असतानाच, रविवारच्या आत, त्यांना विचारून टाकायचं.

"बोलायचं असेल तर बोल," ती म्हणाली, "पण काय बोलणार ते आधी मला सांग. आणि तिथं कुणाशी भांडू नकोस."

"मी कुठं भांडतो?" असं म्हणून मी त्यावरच तिच्याशी पाच मिनिटं भांडलो.

आता सामानाचं. एकट्यानं बँड वाजवायचा तर लूपर लागतो. पायाशी ठेवायची पेटी, वहीएवढी. बटण दाबलं की पुढं जे वाजेल ते ती साठवते, परत दाबलं की तेच गोल गोल फिरत राहतं. आधी हलगी वाजवायची, ती फिरत राहिली की तिच्यावर गिटार, गिटारवर गुणगुणणं, आणि सगळ्यावर गाणं. शेवटचा थर चुकला तर बटण दाबून धरायचं, तो पुसला जातो. सोपं वाटतं. पण दाबायला पाव सेकंद उशीर झाला की प्रत्येक फेरीला तीच चूक ऐकू येते, आणि ऐकणाऱ्यांनाही पाठ होते. लूपर घेतल्यापासून तीन आठवडे मी सराव करत होतो. झोपेतसुद्धा पाय हलायचा, असं आई म्हणते.

तुम्हीही असं सामान घेऊन निघणार असाल तर एक सांगतो: निघताना भिंतीवरचे प्लग बघा. मी बघितले नाहीत.

शुक्रवारी सकाळी आमच्या पिंपळीच्या फाट्यावरून इंदापूरची एसटी धरली. पाठीवर गिटार, एका हातात माईकचा स्टँड, दुसऱ्यात लूपर-वायरींची पिशवी, काखेत हलगी. कंडक्टरनं आधी सामान बघितलं, मग मला.

"एकटाच का? बाकीचा ताफा मागनं येतोय?"

"एकटाच. सगळं मीच वाजवतो."

"मग तिकीट एक काढू का चार?"

पुढच्या बाकावरच्या बायका हसल्या. माझे कान तापले, पण आज भांडायचं नाही, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो. काटेवाडी गेली. कारखाने चालू होते, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांमागं बस रांगत होती. दुचाकीवर येणार असाल तर या दिवसांत हळू या, रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घसरतं. भवानीनगरला मळीचा वास आला. तो वास मला एरवी आवडतो, त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली.

लासुर्णे मागं पडलं आणि मनात उजळणी करताना माझा हात पिशवीत गेला. लूपर होता. माईक होता. वायरी होत्या. लूपरचा अडॅप्टर नव्हता. तो घरी, माझ्या खाटेशेजारच्या भिंतीत होता.

परत जाऊन यायला वेळ नव्हता. कार्यक्रम अकराला, पण गावात अकराचा अर्थ बारा, असा हिशोब करून मी निमगावला उतरलोच नाही. बस थांबली, माणसं उतरली, रस्त्याकडेला पॅकहाऊसचा मांडव आणि त्यावरचा फुगा दिसला, आणि मी आत बसून राहिलो. त्या मांडवासमोरून पुढं जाताना जे वाटलं ते सांगता येणार नाही. तिनं बघितलं असतं तर मी पळून चाललोय असंच तिला वाटलं असतं.

इंदापूरच्या स्टँडजवळ इलेक्ट्रॉनिक्सचं एक दुकान सापडलं. दुकानदारानं वायफायच्या डब्याचा अडॅप्टर काढून दिला. "नऊ व्होल्ट हाय, घाला."

त्यावरचं चिन्ह मी बघितलं. लूपरला पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन लागतं, याचं नेमकं उलटं होतं. तसंच खुपसलं असतं तर पेटी जळायची शक्यता. ही दुसरी गोष्ट नीट ध्यानात ठेवा, व्होल्ट जुळले म्हणजे सगळं जुळलं असं नाही.

"हा उलटा आहे," मी म्हणालो.

"उलटा कसा आसंल? आख्खं इंदापूर ह्यावर चालतंय."

"इंदापूर चालू दे हो! माझी पेटी जळंल!"

आवाज चढला होता. दुकानदारानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि डाग द्यायची, सोल्डरिंगची इस्त्री काउंटरवर ठेवली. "मग आता वरडत बसतोस, का वायर कापून उलटी जोडतोस?"

मीच जोडली. घाईत पहिला डाग वायरीऐवजी बोटावर बसला. वर चिकटपट्टी गुंडाळली आणि धावत जाऊन निमगावचं वडाप पकडलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, वडाप म्हणजे भरल्याशिवाय न हलणारी जीप. मी गिटारसकट मागं, मांडीवर कुणाचीतरी मेथीची पिशवी. स्टँडवरची भेळ चांगली असते असं ऐकलंय. मी खायला उतरलो असतो तर जागा गेली असती.

मांडवात पोचलो तर ऋतुजा दारातच उभी. हिरवी साडी, कपाळाला आठी.

"बस येऊन गेली. तू उतरला नाहीस."

"अडॅप्टर राहिला. इंदापूरला गेलो."

"भांडलास?"

"थोडं."

ती हसली नाही, पण आठी गेली. "आबासाहेब आले नाहीत अजून, म्हणून वेळ आहे. चल, जोड पटकन."

आबासाहेब म्हणजे तात्यांचे चुलते, घराण्यात सगळ्यात वडील. त्यांच्याशिवाय त्या घरात नारळ फुटत नाही. स्टेजच्या एका कोपऱ्यात मी सामान मांडलं आणि मांडवाच्या स्पीकरला जोडलं. मागं शेडमध्ये बायका डाळिंबं निवडत होत्या, लाल फळांचे ढीग, क्रेटचा खडखडाट. तात्या येऊन उभे राहिले. उंच, पांढरा सदरा, हात मागं बांधलेले.

"हे एवढंच? ढोल न्हाय, बाजाची पेटी न्हाय?"

"यातनंच निघतं सगळं, तात्या."

"बरं. निघू द्या."

सुरू केलं. हलगी पहिल्या दाबात बरोबर बसली. ती फिरायला लागली तशी मागं क्रेट उचलणारी माणसं थांबली. गिटार बसली. गाणं मी स्वतः रचलेलं होतं, तिच्यावरचं, पण तिचं नाव न घेता. गुणगुणण्याचा तिसरा थर घ्यायला मी बटण दाबलं आणि माईककडं वाकलो.

तेवढ्यात आबासाहेबांची गाडी आली.

सूत्रसंचालन शाळेतल्या एका सरांकडं होतं. त्यांच्या हातातला माईक बंद पडला होता, आणि आबासाहेब मांडवात शिरताना घोषणा झाली नाही तर सरांचं वर्षभर काही खरं नव्हतं. ते तीन ढांगांत स्टेजवर आले, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि माझ्याच माईकमध्ये म्हणाले, "सन्माननीय आबासाहेबांचं आगमन झालेलं आहे! जोरदार टाळ्या!"

माझं डोकं फिरलं. पाय आपटला तो बटणावर. दाबून धरायला हवं होतं, मी नुसतं आपटलं. थर पुसला गेला नाही, पक्का झाला.

"सन्माननीय आबासाहेबांचं आगमन झालेलं आहे! जोरदार टाळ्या!" हलगीवर. गिटारवर. पुन्हा. आणि पुन्हा.

आबासाहेब खुर्चीत टेकत होते ते उठले, हात जोडले. टाळ्या. बसले. पुन्हा घोषणा. पुन्हा उठले, पुन्हा हात जोडले. तिसऱ्या वेळी पोरांनी शिट्ट्या मारल्या. चौथ्या वेळी आबासाहेब उभेच राहिले. "ऱ्हाऊ द्या," ते शेजारच्याला म्हणाले, "गुडघं दुखत्यात, उभाच ऱ्हातो."

आता बटण दाबून धरलं की घोषणा पुसली जाणार. पण म्हातारा हात जोडून उभा, आख्खा मांडव ठेक्यात टाळ्या वाजवतोय, आणि अशात मी त्यांचं नाव पुसायचं? ऋतुजा तोंडावर पदर धरून हसत होती. खरंच हसत होती. मी पाय मागं घेतला.

मग कुणीतरी ओरडलं, "आता तात्यांचं घ्या!" मग सरपंचांचं. मग तालीम मंडळाचं. सर नावं सांगत होते, मी थर घेत होतो, आणि माझं गाणं खाली कुठं गेलं ते मलाही ऐकू येईना. तासभर मी सत्काराचं मशीन होतो. डोळे चुरचुरत होते, रागानं की कशानं, माहीत नाही. पण कुणाला काही बोललो नाही.

जेवणाच्या पंगती बसल्या. मटकीची उसळ, भात, बुंदी, सगळं गरम. घासभर खाल्लं तेवढ्यात तात्यांनी हाक मारली. त्यांच्या हातात शाल आणि नारळ होता.

"या. तुमचा सत्कार ऱ्हायला."

आमच्याकडं ही रीत कुणाला समजवावी लागत नाही. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, की माणूस पाहुणा झाला. पाहुण्यानं नमस्कार करायचा आणि गाडीकडं निघायचं. शाल घेतली असती तर त्या दिवशी पुढं बोलायला मला तोंड उरलं नसतं. आणि सगळ्यांसमोर शाल नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान. तात्यांनी घडी मोडायला सुरुवात केली होती.

"तात्या, शाल नको," मी म्हणालो. "मला बसून बोलायचंय."

आजूबाजूचे दोन-तीन जण वळून बघायला लागले. तात्यांनी घडी पुन्हा घातली, सावकाश.

"चल," ते म्हणाले. 'या'वरून 'चल'वर आले, ते चांगलं की वाईट, कळेना.

शेडच्या मागं क्रेट पालथे घालून आम्ही बसलो. मी सांगितलं. ऋतुजाचं, माझं, कॉलेज सोडल्याचं, कार्यक्रम कधी मिळतात कधी नाही, सगळं. ते एक डाळिंब हातात फिरवत ऐकत होते.

"कॉलिज का सोडलंस?"

"तिथल्या सरांशी भांडलो."

"आणि आज सरांनी खांद्यानं ढकललं तवा? मी बघत हुतो."

"आज नाही भांडलो."

"पाय आपटलास की."

ते उठले. "रविवारचे पाहुणे माझ्या मेव्हण्यानं आणल्यात. त्यास्नी न्हाय म्हणायला कारण लागतंय, आणि तुझं गाणं हे काय कारण न्हाय. पण पोरीला इच्चारतो. आधीच इच्चारायला पायजे हुतं." दोन पावलं जाऊन परत वळले. "ती म्हणंल तसं. तू मधी बोलायचं न्हाय."

सामान गुंडाळताना ऋतुजा आली. मला वाटलं, खूश असेल.

"मला न सांगता बोललास."

"ते शाल घालायला निघाले होते! वेळच नव्हता."

"वेळ होता. मी दहा पावलांवर होते, संग्राम. हाक मारायची."

ती वायरीचं भेंडोळं माझ्या हातात देऊन निघून गेली. एकदा वाटलं मागं जावं, ओरडावं, की तुझ्यासाठीच तर केलं. तात्या लांबून बघत होते. मी वायरी पिशवीत भरल्या.

परतीची एसटी भरलेली. उभ्यानं आलो, हलगी डोक्यावरच्या रॅकमध्ये. शेजारचा माणूस मांडवातच होता म्हणे, त्यानं पिंपळी येईपर्यंत आबासाहेबांची नक्कल करून दाखवली. पुढच्या महिन्यात त्याच्या पुतण्याचं लग्न आहे, मशीनवाला म्हणून माझा नंबर घेतला.

हे मी शनिवारी दुपारी लिहितोय. निमगावला जायचं तर जरूर जा. रस्ता चांगला आहे, माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि स्वतःचा माईक दोन हातांनी धरून ठेवा. मला काय मिळालं ते विचाराल तर अजून नीट सांगता येत नाही. मी तीन आठवडे एकाच गोष्टीची तयारी केली, सगळं एकट्यानं वाजवण्याची. तिथं दिवसभर मला कुणी एकटं वाजवू दिलं नाही, आणि जिथं एक हाक मारायची होती तिथं मात्र मी एकटाच बोललो.

मघाशी तिचा मेसेज आला. तात्यांनी काल संध्याकाळी तिला विचारलं. ती म्हणाली, मला वेळ पाहिजे. पाहुण्यांना बघायलाही, आणि संग्रामबद्दल ठरवायलाही. तात्यांनी मेव्हण्याला फोन करून तसं सांगितलं आणि रविवारचं पुढं ढकललं.

चार वेळा मेसेज वाचला. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा भीती वाटली. मग मी "बरं" एवढंच लिहिलं. माझ्यासाठी हे फार झालं.

उद्या रविवार. निमगावला पाहुणे जाणार नाहीत. मीपण जाणार नाही.