साहेबाची हनुवटी

पहिला टोला लाखीला बसला. लाखी म्हणजे आमच्या कळपातली पुढं चालणारी मेंढी. ती पाण्यात शिरली की बाकीची दीडशे मेंढरं डोळे झाकून मागं. वल्हं थेट कवटीवर. पाणी लाल झालं. लाखी खाली गेली ती वर आलीच नाही.

दुसरा टोला माझ्या खांद्यावर.

"ए मेंढरवाली! हाकल ही घाण! आमची मुलं पोहणार आहेत इथं!"

गावात नुकता एसटीडी बूथ आला होता, तेव्हाची ही गोष्ट. लोकर कातरायच्या आधी मेंढरं भीमेत पोहवून धुवायची, ही आमची रीत. पुण्याच्या एका क्लबनं नेमकी त्याच दिवशी, राहू गावच्या आमच्याच उतारावर पोहण्याची शर्यत ठेवलेली. रंगीत होड्या, शिट्ट्या, केळ्यांचे घड. क्लबचा साहेब फुगीर जॅकेट घालून होडीत उभा, वल्हं त्याच्याच हातात.

मी एकोणीस वर्षांची. राहूला बुडी मारली की दौंडच्या रेल्वे पुलाखाली डोकं वर काढायची. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा.

काठावर माझे वडील, आबा, हात जोडून ओरडत होते. "चुकलं साहेब! पोरगी येडी हाय! आत्ता काढतो मेंढरं!"

मेंढी आमची मेली, आन् चुकलं आमचंच. लाखीचं मरणही एक वेळ गिळलं असतं. ते जोडलेले हात गिळवेनात.

तिसरा टोला आला तसं मी वल्हंच धरलं. ओढलं. साहेब पाण्यात. असा आदळला की भीमा दोन हात वर चढली आणि पल्याड मांडवगण फराट्यात बायकांनी वाळवणं उचलली.

मेंढरू धुताना एक हात हनुवटीखाली ठेवतात, नाकात पाणी जाऊ नये म्हणून. दुसऱ्या हातानं पाठ, पोट, शेपूट चोळायची. आधी मी साहेबाच्या जॅकेटचे पट्टे तोडले. मग रीतीनं धुतला. पाठ चोळली. केसांचे पुंजके हातात आले. कानामागचंसुद्धा सोडलं नाही.

फक्त हनुवटी धरली नाही.

"सोड गं! मरंल त्यो!" आबा.

"लाखी मेली तवा का न्हाई वरडला?"

त्याचे हात ढिले पडले तेव्हा काठाला ओढून सोडला. पालथा पडून ओकला. निम्मी भीमा आन् सगळी केळी.

बूथवरून फोन गेले. संध्याकाळी आम्ही चौकीत. हवालदार म्हणाला, "साहेबांच्या पाया पड, मिटवून टाकू."

माझ्याआधी आबाच वाकले. मी त्यांचं कोपर असं आवळलं की वळ आठवडाभर राहिला.

"ताठ ऱ्हावा, आबा."

हवालदाराच्या काठीनं पिंढऱ्या फोडल्या. रक्त चपलेत उतरलं. मी वाकले नाही. चौथ्या काठीला आबांनी हात सोडवून घेतला. मला वाटलं, पडले पाया. ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. ताठ. पाचवी काठी त्यांच्या छातीवर बसली.

वल्हं मी परत दिलं नाही. त्यानंच मेंढरं हाकते. पुढं आता लाखीच्याच वंशातली मेंढी चालते. शर्यत पुन्हा लागू दे. मेंढरं त्याच उतारावरून, त्यांच्या आधी उतरतील. आणि पुन्हा कुणी वल्हं उगारलं, तर काठावरून कितीही ओरडा. हात ढिले पडले तरी सोडणार नाही.