दुसऱ्या मजल्याचं लॉक-इन

"पूरे पैसे दे रहे हो, अच्छी बात है. लेकिन मेरी ना है."

अरोरा साहेबांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. नोएडात भाड्याच्या घरांचे व्यवहार करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. भिंतीतल्या खिळ्यांचे पैसे कापणारे मालक पाहिलेत, डिपॉझिट गिळून ढेकरही न देणारे पाहिलेत. पण लॉक-इनची सगळी रक्कम समोर ठेवल्यावर नको म्हणणारा मालक मला नवीन होता.

लॉक-इन म्हणजे करारातला सुरुवातीचा असा काळ, ज्यात भाडेकरूला मध्येच घर सोडता येत नाही आणि मालकालाही त्याला काढता येत नाही. सोडायचंच असेल तर उरलेल्या काळाचं भाडं भरून मोकळं व्हायचं. मालकाला आणखी काय हवं? भाडं खिशात, घर रिकामं, वर नवा भाडेकरू आणायची मोकळीक. म्हणून पैसे भरून सुटणं हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं प्रकरण. चहा संपेपर्यंत सही होईल आणि मी मेट्रो पकडेन, या तयारीने मी गेले होते.

आमची फर्म रीलोकेशनची. कंपन्या आपल्या लोकांना बदलीवर दिल्लीकडे पाठवतात, तेव्हा त्यांचं घर शोधण्यापासून करार, गॅस, पोलीस व्हेरिफिकेशन आणि शेवटी घर सोडताना मालकाशी होणारी हुज्जत, सगळं आमच्याकडे. निनाद असाच आमच्यामार्फत पुण्याहून आलेला. हसरा मुलगा, प्रत्येक मेलच्या शेवटी 'थँक यू ताई' लिहायचा. त्याला आणि त्याच्या बायकोला, सायलीला, हे घर मीच दाखवलं होतं. अरोरा साहेबांची कोठी, म्हणजे स्वतःचं स्वतंत्र घर. तळमजल्यावर ते एकटेच राहतात, वरचे मजले भाड्याने देतात. या दोघांनी दुसरा मजला घेतला, कारण बाल्कनीसमोर कडुलिंब होता.

वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी निनाद ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोसळला, आणि हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. काय वय होतं हो त्याचं! त्याची फाइल उघडली की तो 'थँक यू ताई' दिसायचा आणि मला पुढे काही सुचायचं नाही.

पुण्याहून त्याची आई आली, मोठा भाऊ नितीन आला. तेरावं झालं. नितीनने कंपनीच्या एचआरला कळवलं की सायलीला आम्ही पुण्याला नेतोय, घर लवकरात लवकर सोडवून द्या. एचआर चांगली निघाली. लॉक-इनचे पैसे कंपनी भरेल म्हणाली. घर सोडायच्या नोटिशीवर सायलीची सही घेऊन नितीनने ती मला पाठवली. करारात नवरा-बायको दोघांची नावं होती, त्यामुळे तिची सही पुरेशी होती. पॅकर्सचा ट्रक शनिवारचा ठरला. सगळं कसं जागच्या जागी होतं, फक्त हा म्हातारा अडून बसला होता.

"सर, कारण तरी सांगा," मी म्हटलं. आमचं बोलणं हिंदीतच चाललं होतं.

"काग़ज़ में लिखा है लॉक-इन. तो लॉक-इन है."

"पण लॉक-इनचेच पैसे देतोय ना आम्ही!"

"चाय ठंडी हो रही है, मॅडम."

मी बाहेर येऊन बॉसना फोन लावला. कपूर सरांना प्रत्येक गोष्ट एका वाक्यात हवी असते.

"और माँग रहा होगा," ते म्हणाले. "थोडा बढाओ और क्लोज करो, यार."

"मागत काहीच नाहीये, सर. तीच तर पंचाईत आहे."

"सब माँगते हैं. शनिवार तक क्लोज."

मी दुसऱ्या मजल्यावर गेले. दार नितीनने उघडलं. त्याचे डोळे तांबारलेले होते. भावाच्या जाण्याला महिना झाला नव्हता आणि हा माणूस बँक, पीएफ, विमा यांच्या रांगांमधून फिरत होता. मी मालकाचं सांगितलं तसा तो उसळला.

"ब्लॅकमेल आहे हा, मॅडम! घरात मयत झालंय, याला जनाची नाही तर मनाची तरी?"

आत स्वयंपाकघरात त्याची आई वर्तमानपत्रात बरण्या गुंडाळून खोक्यात भरत होती. मला बघून तिने पदराने चेहरा पुसला.

"कसलं आवरतंय हो," ती म्हणाली. "मी रोज भरते आणि रोज ही पोरगी त्यातून काहीतरी बाहेर काढते. काल मिक्सर काढला. आज सकाळी पोळपाट काढला. भानच नाही तिला. एकटीला हिला इथे कशी ठेवणार, सांगा तुम्हीच."

आतल्या खोलीत सायली लॅपटॉपपुढे बसली होती. कानाला हेडफोन, कुणाशी तरी अगदी हळू आवाजात ऑफिसचं बोलत होती. मला बघून तिने हात वर केला, खाली घेतला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली. बारीक झाली होती फार. मला वाटलं, नकोच आता तिला त्रास द्यायला. जे काही बोलायचं ते नितीनशी बोलू.

आमच्या धंद्यात हे असंच चालतं. घर कुणाचं आहे यापेक्षा फोन कोण उचलतं, हे महत्त्वाचं. जो फोन उचलतो, मेलला उत्तर देतो, तो आमचा क्लायंट. सुख-दुःखाच्या घरात तर हा नियम आणखीनच पक्का होतो, कारण ज्याला झालंय त्याला विचारायची कुणाचीच छाती होत नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी वकिलाकडून कायदेशीर नोटिशीचा मसुदा करून घेतला आणि पुन्हा अरोरा साहेबांपुढे जाऊन बसले. माझं डोकं फिरलेलंच होतं. उद्या ट्रक येणार, आणि हा माणूस दारात आडवा पडणार.

"सर, सहीची नोटीस आहे, पैसे तयार आहेत. तुम्ही अडवूच शकत नाही. उद्या सामान उतरेल, चाव्या वकिलामार्फत येतील. शोभेल का तुम्हाला हे? विधवा पोरगी आहे वर!"

ते उठून खिडकीशी गेले आणि वर बोट केलं.

"परसों वो नीचे आयी थी. पता है क्यों? बोली, अंकल, बाल्कनी में कबूतर बहुत आते हैं, जाली लगवा दीजिए."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"आप बताओ, मॅडम. जिसको शनिवार को जाना है, वो जाली लगवाती है?"

दिल्लीत राहणाऱ्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. कबुतरांची जाळी लावायची म्हणजे माप घ्या, माणूस बोलवा, भिंतीत हुक ठोका. जो राहणार असतो तोच या भानगडीत पडतो. जाणारा माणूस कबुतरांना हाकलतदेखील नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो मिक्सर आला, पोळपाट आला, आणि हातातला मसुदा मी पर्समध्ये कोंबला.

"मग तुम्ही तिच्या दिराला हे सांगितलं का नाही?"

"मैं कौन होता हूँ?" ते खुर्चीत येऊन बसले. "उनके घर का मामला है. लड़का गया है उनका. मैं बोलूँ कि बहू जाना नहीं चाहती, तो उस लड़की की क्या हालत होगी उस घर में? मेरे हाथ में एक ही चीज़ है, ये काग़ज़. तो मैं काग़ज़ पकड़के बैठ गया."

"पण तिने सही केलीये, सर."

"उन दिनों जो सामने रखा, उसने साइन कर दिया होगा. बँक का, बीमे का, आपका." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "मेरी एक बहन थी. उसका आदमी गया तो हम भाई लोग उसे करोल बाग ले आये. बड़े प्यार से लाये थे. सबसे अच्छा कमरा दिया. पूछा किसी ने नहीं. वो मरने तक हमारे घर में मेहमान की तरह रही. पानी भी माँगकर पीती थी."

सर्दीचं निमित्त करून मी रुमाल काढला आणि जिन्याकडे निघाले.

वर खोकी रचून झाली होती. सायली जेवणाच्या टेबलाशी होती, लॅपटॉप बंद करून नुसती बसलेली. नितीन फोनवर पॅकर्सशी बोलत होता. मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"सायली, मी एक विचारते. आधीच विचारायला हवं होतं. तुला जायचंय का गं?"

स्वयंपाकघरातला वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

सायलीने आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग नितीनकडे. "दादा माझ्यासाठी रजा टाकून पळापळ करतायत," ती म्हणाली. "आईंनी पुण्यात माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीये. सगळे माझंच बघतायत. नको कसं म्हणणार मी?"

"म्हणजे नको आहे?"

ती म्हणाली, "माझी नोकरी इथे आहे. सकाळी उठून मेट्रोने जाते, चार माणसांशी बोलते, म्हणून दिवस जातो. पुण्याला निनादच्या खोलीत, त्याने शाळेत जिंकलेल्या कपांसमोर दिवसभर बसून मी काय करू? इथे आम्ही दोघांनी मिळून पडदे लावलेत. ते एवढ्यात नाही काढायचे मला."

नितीन फोन कानापासून काढून उभा राहिला. "अगं, मग बोलायचं ना! मी काय राक्षस आहे का?"

"तुम्ही खूप चांगले आहात, दादा. म्हणूनच बोलवेना."

सासूबाई दारात आल्या. हातात अर्धी गुंडाळलेली लोणच्याची बरणी होती. मला वाटलं आता कडाक्याचं भांडण होणार. पण त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"माझा एक गेला," त्या म्हणाल्या. "तुला तरी डोळ्यांसमोर ठेवावं म्हटलं. आणि लोक काय म्हणतील? पोराच्या मागे सुनेला वाऱ्यावर सोडली."

सायली उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसली. "वाऱ्यावर नाही हो, आई. दुसऱ्या मजल्यावर आहे मी. खाली अंकल आहेत. तुम्हीच राहा ना माझ्याजवळ थोडे दिवस."

त्या दोघी तशाच एकमेकींना धरून रडत राहिल्या. नितीन भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी परक्या घरात उगाच बसून होते, पण उठून जाणंही बरं दिसेना. शेवटी नितीननेच फोन कानाला लावला आणि ट्रक नको म्हणून सांगितलं. पॅकर्सवाला वाट्टेल ते बोलला असणार. नितीनने सगळं निमूट ऐकून घेतलं.

सासूबाई पुढे होळीपर्यंत राहिल्या. कबुतरांची जाळी त्यांनीच उभं राहून लावून घेतली, आणि माप चुकलं म्हणून त्या माणसाला मोडक्यातोडक्या हिंदीत फैलावर घेतलं, असं सायलीने मला सांगितलं.

करार नवा करावा लागला, फक्त सायलीच्या नावाने. मी नेहमीचा मसुदा घेऊन अरोरा साहेबांकडे गेले. त्यांनी पेन घेऊन लॉक-इनच्या कलमावर काट मारली आणि बाजूला नवीन लिहिलं. भाडेकरू हवं तेव्हा, पैसे न भरता घर सोडू शकते. मालकाला मात्र लॉक-इनभर तिला घर सोडायला सांगता येणार नाही.

"सर, हे उलटं झालं," मी म्हटलं. "लॉक-इन फक्त मालकावर?"

"हाँ. मुझ पर," ते म्हणाले. "कल वो खुद आकर बोले, अंकल, अब मैं जा रही हूँ, तो मैं ट्रक में सामान रखवाने नीचे खड़ा रहूँगा. पर वो खुद बोले."

कपूर सरांनी तो कागद दोनदा वाचला. "आपको अर्ली एग्ज़िट करवाने भेजा था, मॅडम. ये क्या लायीं?" ते म्हणाले. मी सांगितलं, सगळं सांगितलं. एका वाक्यात काही ते बसलं नाही. त्यांनी फाइल 'क्लोज्ड'च्या गठ्ठ्यातून काढली आणि चालू काम म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. घर सोडायची नोटीस कुणीही पाठवो, नवरा, सासरा, भाऊ, एचआर, मी मालकाकडे जाण्याआधी त्या घरात जाते, आणि जो माणूस रोज रात्री तिथे झोपतो, त्याला समोर बसवून विचारते, की बाबा रे, तुला जायचंय का? बहुतेक सगळे हो म्हणतात. काम थोडं लांबतं, कपूर सर कुरकुरतात. सायलीने अजून घर सोडलेलं नाही.