वाळल्या पानातली साडी

परवा केळ्यांच्या टोपलीतल्या वाळल्या पानांचा वास आला आणि धुळ्यातली माझी लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली. धरणगावहून आई आहेर घेऊन आली होती. सासूबाईंची साडी तिनं वाळल्या केळीच्या पानात गुंडाळून केळीच्याच दोरीनं बांधली होती.

नणंद हसली. "वहिनी, चमकीच्या कागदात बांधा ना. लोक काय म्हणतील?"

मी पुडकं छातीशी धरलं. "म्हणू देत. असंच देणार!" माझा आवाज चढला होता.

आई शांतपणे तिच्या अहिराणीत म्हणाली, "कागद बजारमा मियस. हाई पान आमना मळानं शे." कागद काय, बाजारात मिळतो; हे पान आमच्या मळ्यातलं.

सासूबाईंनी पुडकं पानासकट मांडीवर घेतलं.

तेव्हा वाटलं, मी आईची लाज राखली. आज कळतं, आईला लाज वाटलीच नव्हती.