भोंग्यावर पुकारलेली नावं

हरवलेलं माणूस सापडलं की आपल्या माणसांबरोबर निघून जातं. नाव मात्र आमच्याकडेच राहतं. अशी इतकी नावं साठलीत, की आता चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. आम्ही तिघं. मी, फुलांचं दुकान असलेले शब्बीरभाई आणि श्रीरामपूरचा रिक्षावाला विन्सेंट. शिर्डीत बाजाराच्या तोंडाशी, शब्बीरभाईंच्या दुकानासमोरच, दुकानदारांनी गर्दीच्या दिवसांसाठी एक टेबल टाकून भोंगा लावलाय. कोणी चुकलं, की मी माईकवर नाव पुकारते.

पहिल्याच गुरुवारी हैदराबादच्या एक बाई रडत आल्या. नवरा गर्दीत सुटला होता. नाव विचारलं, तर म्हणाल्या, "साई." मी जोरात पुकारलं, "साई, जिथं असाल तिथून टेबलापाशी या."

बघता बघता टेबलापुढं रांग लागली. म्हातारे, तरणे, कडेवरची पोरं, कुणाच्या सुनासुद्धा. सगळे साई. मी घाबरून शब्बीरभाईंकडं पाहिलं. ते म्हणाले, "ताई, नशीब समजा. अजून सगळे आलेले नाहीत."

बाईंचा नवरा रांगेत शेवटी उभा होता. त्याला वाटलं, प्रसाद वाटताहेत.

*

एकदा एक उंचेपुरे सरदारजी आले. "मनजीत मिसिंग," एवढंच म्हणाले. मी पुकारलं, "श्री. मनजीत, आपले बंधू वाट पाहत आहेत."

थोड्या वेळानं एक धिप्पाड बाई आल्या. सरदारजींकडं रोखून बघत मला म्हणाल्या, "बंधू?"

मी ओशाळले. सरदारजींनी समजावलं, "मनजीत, यानी मन जीतनेवाला. या जीतनेवाली. हमारे यहाँ नाम एक ही होता है, मर्द का भी, औरत का भी."

"जीतती मैं ही हूँ," बाई म्हणाल्या आणि नवऱ्याला घेऊन गेल्या.

*

त्यावरून विन्सेंटच्या डोक्यात बसलं, आपल्या नावाचा अर्थ काय? आजीनं चर्चमधल्या फादरना विचारून ठेवलं होतं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं तिथूनच आत्ताच्या फादरना फोन लावला. ते म्हणाले, "जुन्या लॅटिन भाषेतलं आहे. जिंकणारा."

विन्सेंटनं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "माझ्या वडलांचं नाव विजय. म्हणजे मी विजय विजय."

"मग निवडणुकीला उभा राहा," शब्बीरभाई म्हणाले.

तो खरंच रिक्षा संघटनेच्या निवडणुकीत उभा राहिला. निवडूनही आला. समोरच्यानं अर्ज मागं घेतला होता, पण यानं पेढे वाटले ते विजयाचेच.

*

नेवाशाकडची काही नातवंडं आपल्या आजोबांना शोधत आली. नाव कचरू. माईकवर ते घेताना मलाच कसंतरी झालं. शेजारी उभी असलेली दोन कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली.

आजोबा आले, तरी पोरं हसतच होती. ताठ कणा, पांढराशुभ्र फेटा. ते नातवंडांकडं न जाता आधी त्या पोरांपुढं थांबले.

"माज्याआदी चार भावंडं हुती," ते म्हणाले. "एकबी जगलं न्हाई. मी झालो तवा आईनं मला उकिरड्यावर ठिवलं आन् परत उचललं. नाव ठिवलं कचरू. देवाला वाटलं, कचरा हाय, कशाला न्यायचा."

पोरांचं हसू मावळलं. आजोबांनी फेटा सारखा केला.

"नव्वदीला आलो. देव अजून फसलेला हाय."

*

मागच्या उन्हाळ्यात एक आजी शब्बीरभाईंच्या दुकानाच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. विसरणं फार पुढं गेलं होतं. गाव आठवेना, मुलं आठवेनात. नाव विचारलं, तर लहान पोरीसारखं म्हणाल्या, "सोना."

मी पुकारत राहिले, "सोना नावाच्या आजी आमच्याकडे आहेत." कोणी येईना. शब्बीरभाईंनी त्यांना पाणी पाजलं. विन्सेंट बसस्टँडपर्यंत हिंडून आला. दुपार कलली, तशा आजी कावऱ्याबावऱ्या झाल्या. माझाही धीर सुटत चालला.

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत, जवळजवळ पळतच आला. मागून मुलगा आणि सून धावत होती. मुलगा म्हणत होता, "आबा, थांबा. ते दुसऱ्या कुनाला तरी बोलवत्यात. आईचं नाव पार्वती हाय."

म्हातारा टेबलापाशी येऊनच थांबला. धाप लागली होती. "पार्वती आमी ठिवलं, लग्नात," तो मुलाला म्हणाला. "त्याआदी ही सोनाच हुती."

आजींनी मान वर केली. मुलाकडं पाहिलं, ओळखलं नाही. सुनेलाही नाही. मग म्हाताऱ्याकडं बघत राहिल्या. हळूहळू सगळा चेहरा उजळला आणि भरल्या बाजारात, सुनेदेखत, त्यांनी नवऱ्याला नावानंच खणखणीत हाक मारली, "ज्ञानबा."

सुनेनं पदर तोंडाला लावला. मुलगा बापाकडं बघतच राहिला.

म्हाताऱ्यानं काठी शब्बीरभाईंच्या हातात दिली आणि पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसला.

"ओ," तो म्हणाला.