मोजणीचा आठवडा

महाराष्ट्र राज्य नवे होते त्या वर्षांत मी बुलढाण्याच्या एका साप्ताहिकात नोकरीला होतो. पाने आठ आणि माणसे तीन: संपादक, मी आणि खिळे जुळवणारा कंपोझिटर. संपादक वकिलीही करत, त्यामुळे अर्धा दिवस कोर्टात असत. त्यांच्याकडे मुंबईचे एक इंग्रजी दैनिक यायचे. मलकापूरपर्यंत ते रेल्वेने येई, तिथून मोटारीने घाट चढे आणि आमच्या हाती शिळे होऊन पडे. त्यातल्या परदेशच्या बातम्या मराठीत करणे हे माझे काम होते. रेल्वे घाटाखालून जाते आणि जिल्ह्याचे ठिकाण घाटावर आहे, म्हणून रेल्वेची कुठलीही बातमी आमच्याकडे आवडीने वाचली जायची. ती कुठल्या देशाची आहे याला फारसे महत्त्व नव्हते.

एका अंकासाठी मी ब्रिटनची बातमी घेतली. तिथल्या सरकारने रेल्वेचे लहान फाटे बंद करायचे ठरवले होते. रेल्वे तोट्यात आहे, तिने आपला खर्च आपण भागवावा, असे सरकारचे म्हणणे. कुठल्या फाट्यावर किती उतारू हे पाहायला एक आठवडा धरून मोजणी झाली होती. जिथे उतारू कमी तिथे गाडी बंद, लोकांनी बसने जावे. त्याच वेळी तेच सरकार मोटारींसाठी लांबरुंद नवे रस्ते बांधत होते. गाडी बंद करू नका म्हणून गावोगाव आरडाओरड चालली होती. ओरडणाऱ्यांतले बरेच जण स्वतः त्या गाडीने कधी जात नसत, असाही त्या मजकुराचा सूर होता.

एवढ्यावर बातमी संपत होती. मी शेवटी पदरचे एक वाक्य जोडले: मोजणीच्या आठवड्यात साऱ्या गावाने गाडीत बसायचे ठरवले असते, तर सरकारची पंचाईत झाली असती. संपादक त्या दिवशी कोर्टात होते. ते असते तर वाक्य कापले गेले असते.

माझी थोरली बहीण धाड या बाजारगावाच्या पुढे चार मैलांवरच्या एका गावात दिली होती. शेती बेताची, पण विहिरीला पाणी होते. ताईने विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात भाजीपाला लावला होता: मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. पूर्वी हा माल फक्त धाडच्या आठवडी बाजारी जायचा, बैलगाडीतून. उरलेले सहा दिवस भाजी वाढायची आणि जून व्हायची. मग गावात एसटी सुरू झाली. संध्याकाळी यायची, रात्री मुक्कामाला थांबायची आणि सकाळी साडेसहाला धाडवरून बुलढाण्याला निघायची. ताईची टोपली रोज त्या गाडीच्या टपावर चढू लागली. बुलढाण्याच्या स्टँडवर एक भाजीवाली ती उतरवून घ्यायची. संध्याकाळी रिकामी टोपली परत. रिकामी म्हणजे नावालाच. त्यात कुणाच्या औषधाची बाटली, कुणाची शिवलेली चप्पल, दोऱ्याची रिळे आणि माझी चिठ्ठी असायची.

सगळे गाव असेच करत असे. दूध, डबे, निरोप, तान्ह्या मुलाचे झबले, सगळे कंडक्टरच्या हवाली. माणूस मात्र गाडीत क्वचित बसे. धाडला जायला सायकल होती, बुलढाण्याला रोज कुणाचे काम नसे, आणि बायकांनी कारणाशिवाय बुलढाण्याला जाण्याची रीत नव्हती. गाव गाडीवर जीव टाकायचे आणि गाडी रिकामी जायची.

त्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीला कागद आला. येत्या सोमवारपासून सात दिवस उतारूंची मोजणी होईल. उतारू पुरेसे नसतील तर गावातला मुक्काम बंद होऊन गाडी धाडहूनच सुटेल. कागद आला त्या आठवड्याच्या रविवारी मी ताईकडे होतो. मारुतीच्या पारावर माणसे जमली. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, आमचा अंक खिशातून काढला. तो घडी पडून पडून मऊ झाला होता.

"हे पाहा, आमच्या पेपरवाल्यानं आधीच लिहून ठेवलं," ते म्हणाले. "विलायतेत बी असंच मोजून राह्यले."

"विलायतेत रेल्वे बंद करतेत?" एका म्हाताऱ्याने विचारले. "मंग आमच्याकडं आणली कायले?"

"तिकडची उखडून इकडं आणतेत का ते इचार. बुलढाण्याले एक डबा भेटला तरी पुरे."

"तुह्या वावरातूनच नेऊ रूळ. देतं का जागा?"

"गाडी थांबणार असंल तं देतो. निसती शिटी मारत जाणार असंल तं नाई."

हसणे ओसरल्यावर भाऊजींनी माझे शेवटचे वाक्य मोठ्याने वाचले. मग घरटी एक माणूस रोज गाडीत बसवायचा, असे ठरले. मी म्हणालो, ते वाक्य बातमीतले नाही, माझे आहे. भाऊजी म्हणाले, "मंग तं बेसच. घरचा सल्ला हाय."

घरी आल्यावर ताईने मला विचारले, "बंद झाली तं माही मेथी कशी जाईन?"

"धाडपर्यंत बैलगाडीनं."

"साडेसहाच्या गाडीले बैल किती वाजता जुपा लागन?"

मी हिशोब केला आणि सांगितले नाही. तिने तो माझ्याआधी केला होता. "म्हंजे अर्धा एकर मोडाच लागन," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

सोमवारी सकाळी मी कामावर जायला त्याच गाडीत बसलो. गाडी गावातच भरली. फेटे, टोप्या, कडक इस्त्रीचे सदरे. मोजणीला आलेला खात्याचा माणूस आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आला होता. चष्मा लावलेला, मितभाषी गृहस्थ, मांडीवर छापील तक्ता. त्याला मान द्यावा म्हणून त्याच्या शेजारची जागा सोडून लोक उभे राहिले. त्याने दोनदा बसा म्हटले. कोणी बसले नाही. धाडला पोचलो तेव्हा स्टँडवर रोजचे उतारू होते: कोर्टात तारीख असलेले, दवाखान्यात निघालेले, दोन मास्तर. दरवाजात पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टरने घंटी दिली आणि ते सगळे धुळीत मागे राहिले.

बुलढाण्याला पोचल्यावर आमच्या गावकऱ्यांना काम नव्हते. काही जण कोर्टाच्या आवारात बसून दुसऱ्यांचे खटले ऐकत राहिले. चौघे आमच्या छापखान्यात आले आणि कंपोझिटर उलटे खिळे कसे वाचतो हे पाहत दुपारपर्यंत थांबले. मंगळवारीही तेच झाले. फक्त छापखान्यात चारांचे सात झाले आणि संपादकांनी मला बाजूला घेऊन विचारले, ही मंडळी कोण?

मंगळवारी संध्याकाळी मी परतीच्या गाडीने ताईकडे निघालो. मोजणीच्या माणसाशेजारची जागा रिकामीच होती. मी बसलो. मी साप्ताहिकात आहे हे कळल्यावर तो सावध झाला, मग थोडा मोकळाही झाला.

"गाव फार प्रवासी आहे तुमच्या बहिणीचं," तो म्हणाला.

"मोजणीत चांगलं दिसेल ना?"

"दिसलं असतं. पण कंडक्टरचे गेल्या तीन महिन्यांचे कागद माझ्याकडे आहेत. त्यांत ही माणसं कुठंच नाहीत." त्याने तक्ता उलटला. "आणि धाडच्या सरपंचांची लेखी तक्रार आली आहे. तिथली माणसं दोन दिवस मागे राहिली. गाडी धाडहून सोडा म्हणतात. मला तसंच लिहावं लागेल."

"टपावर रोज टोपल्या असतात, त्या?"

"त्या सामानात. माझा तक्ता उतारूंचा आहे." तक्ता मिटत तो म्हणाला, "रोज जाणारी दोन-चार माणसं असती तरी मला काही लिहिता आलं असतं. आज आले नि उद्या नाहीत, अशांचा उपयोग नाही."

जेवताना मी हे सगळे सांगितले. भाऊजींनी धाडच्या सरपंचांना आणि चष्मेवाल्याला सारखीच नावे ठेवली. उद्याचे काय विचारले तर म्हणाले, उद्या गव्हाले पाणी द्यायचे आहे, कोणीच मोकळा नाही. दोन दिवसांत गावाचा उत्साह तसाही संपला होता. ताई वाढत होती. तिने तवा उतरवला आणि विचारले, "टोपलं रोज जाते. टोपल्यासंग मी गेली तं मी उतारू का सामान?"

"उतारू," मी म्हणालो.

"बुलढाण्याले?" भाऊजींनी विचारले. "रोज? लोक काय म्हनतीन?"

"लोक दोन दिवस कोर्टात बसून आले, त्यायले काय म्हनलं कोणी?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी ताटाकडे पाहिले. ताई तशीच हात धुऊन शेजारी गेली. तिची जाऊ आणि शेजारच्या दोघी, सगळ्यांचीच टोपली टपावर चढत असे. परत आली तेव्हा एवढेच म्हणाली, "आमी चौघी हाओ."

बुधवारी सकाळी थंडी बरीच होती. गाडीत आम्ही पाच जण: चार बायका आणि मी. ताईची जाऊ पहिल्यांदाच एसटीत बसत होती. तिने समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. मोजणीच्या माणसाने पेन्सिल काढली.

"आज इतकेच?"

"आमी रोजच्या इतक्याच," ताई म्हणाली.

"रोज? मी दोन दिवस पाहिलं नाही तुम्हाला."

"आमी वरतून जात होतो." तिने टपाकडे बोट केले. "टोपल्यात. आता खालून जाऊ."

कंडक्टर हसला. त्याने साहेबाला सांगितले की या टोपल्या गाडी सुरू झाल्यापासून येतात, एक दिवस चुकत नाही, आणि कुणाची कुठली हे तो डोळे मिटून सांगेल. मोजणीच्या माणसाने ते ऐकून घेतले. मग ताईला विचारले, "उद्या येणार?"

"हाव."

"रविवारी?"

"रविवारी बुलढाण्याचा बाजार. त्या दिवशी कशी नाई येणार?"

"आणि माझी मोजणी संपल्यावर?"

ताईने जरा विचार केला. "साहेब, मेथी तुमच्यासाठी नाई लावली आमी."

त्याने चष्मा पुसला आणि बराच वेळ लिहिले. धाडला रोजचे उतारू चढले, सगळ्यांना जागा मिळाली. दोन मास्तरांपैकी एकाने टोपीला हात लावून त्याला नमस्कार केला.

स्टँडवर भाजीवाली टोपली घ्यायला आली आणि टोपलीबरोबर मालकिणी उतरलेल्या पाहून थबकली. तिने ताईला प्रथमच पाहिले होते. दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत पाहून घेतले. "मेथीच्या जुड्या लहान बांधत जा, बाई," भाजीवाली म्हणाली. "आणि तुमी पाणी कमी मारत जा," ताई म्हणाली. मग चौघीही तिच्या पालाखालीच बसल्या. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी, रविवारी त्या चौघी आल्या. मोजणीचा माणूस रविवारी गेला. सोमवारीही त्या आल्या.

महिन्याभराने निर्णयाचा कागद आला. मुक्कामाची गाडी चालू राहील. धाडच्या उतारूंसाठी तिथून दुसरी गाडी सोडण्यात येईल. दोन गाड्या एका वेळी नकोत म्हणून मुक्कामाची गाडी अर्धा तास आधी, सहाला सुटेल. मी तो कागद ताईला बाजारात वाचून दाखवला. तिने शेवटचा भाग पुन्हा वाचायला लावला.

"सहाले म्हंजे भाजी अंधारात खुडा लागन," ती म्हणाली. ब्रिटनमधल्या लोकांच्या गाड्या बंद होत आहेत आणि तुझी राहिली, असे मी तिला सांगून पाहिले. "त्याहीच्या बायायनं टोपल्या न्या लागत होत्या," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

नवी वेळ सुरू झाली त्या दिवशी मी गावात होतो. भाऊजींना त्या दिवशी खरेच बुलढाण्याला काम होते, तहसीलमध्ये. सहा म्हणजे साडेसहा असे ते धरून चालले होते. गाडी हलली तेव्हा ते एका हाताने धोतर आणि दुसऱ्या हाताने कागद धरून गल्लीच्या तोंडाशी धावताना दिसले. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला आणि ताईकडे पाहिले.

ताईने खिडकीतून एकदा मागे पाहिले. "चालू द्या," ती म्हणाली. "ते उद्या येतीन."